डाव्या दाराचा ओरखडा

“...ते सगळं ठीक आहे हो, पण ओरखडा जाईल की नाही, तेवढं सांगा.”

नाडगौडा साहेब अजून गाडीतच होते. काच खाली, हात बाहेर, आणि बोट मागच्या डाव्या दाराच्या दिशेनं वळलेलं.

बाबालाल मिस्त्री उठले नाहीत. हातातला चहा संपवला, कप स्टुलाखाली ठेवला.

“आधी गाडी आत घिऊ,” म्हणाले.

मिरजेत सांगली रस्त्याला मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. वडील तंबोऱ्यांना पॉलिश करायचे, हे गाड्यांना करतात. आता सत्तरी उलटली. बोर्डावर ‘डिटेलिंग’ लिहिलंय ते माझ्या आग्रहानं. मिस्त्री स्वतःला अजून पॉलिशवालाच म्हणवतात.

मी जिनगोंडा, त्यांच्या शेजारचा. सीटकव्हर, कॅमेरे, स्क्रीन असलं सामान विकतो. त्या दिवशी माझं चांगलं गिऱ्हाईक मिस्त्रींमुळं हातचं गेलं, तेव्हा मी सांगताना जरा कुरकुरलो तर समजून घ्या.

शेडचं तोंड अरुंद. म्हणून गाडी कुणाचीही असो, आत मिस्त्रीच घेतात.

नाडगौडा उतरले. उंच माणूस, सहा फुटाला बोटभर कमी. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या, त्यामुळं इंचाचा फरक आपल्याला लांबून कळतो, असं ते स्वतःच सांगतात.

मिस्त्री चाकामागं बसले. पाय पोचेनात. हात सीटखालच्या दांडीकडं गेला.

“हां, हां! सीट हलवू नका!” नाडगौडा धावले. “खूण केलीय. ती पाहा, पांढरी रेघ. एकदा हललं की ते माप परत बसत नाही. आणि आरशाला तर अजिबात हात नको.”

मिस्त्रींनी वाकून रेघ पाहिली. सीटखालच्या रुळावर, ऑइलपेंटची, पट्टी लावून मारलेली.

“घरातली बाकीची माणसं कशी चालिवत्यात?”

“पाठीशी उशी घेतात.”

मिस्त्री सीटच्या कडेवर सरकले, खिडकीतून मान बाहेर काढली आणि गाडी बोटाबोटानं आत घेतली.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू?

गाडी काळी होती, पाच वर्षांची, पण शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी. फक्त मागच्या डाव्या दारावर वीतभर ओरखडा. फाटकाच्या कडीनं ओढलेला.

“नख लावा,” मिस्त्री म्हणाले. “डोळं मिटून. रेघेवरनं आडवं न्या.”

नाडगौडांनी तसं केलं.

“अडकतंय?”

“...अडकतंय.”

“मग न्हाई जायाचा.”

“का नाही? घासा! लागेल तेवढं घासा. पैशाची काळजी तुम्ही करू नका.”

“साहेब, ओरखडा काढता येत न्हाई.”

“मग तुम्ही इतकी वर्षं काढता काय?”

“भोवतीचं.”

नाडगौडा माझ्याकडं बघू लागले. मी खांदे उडवले. मलाही हे कळायला दोन वर्षं लागली होती.

मिस्त्री म्हणाले, “रेघ म्हंजे तितनं काय तरी गेलंय. गेलेलं मी कुठनं आणू? मग भोवतीचाच थर उतरवायचा, रेघेच्या पातळीला आणायचा. बारीक असंल तर भागतंय.”

“आणि खोल असली तर?”

मिस्त्रींनी कोपऱ्यातलं एक जुनं बॉनेट पुढं ओढलं. मोरपंखी रंगाचं, अजून चमकत होतं. मधोमध मात्र तळहाताएवढा उघडा पत्रा.

“हे माझंच काम. तिशीत हुतो. एका डॉक्टरांच्या गाडीला एकच रेघ हुती. हट्टाला पेटलो.”

“मग?”

“रेघ गेली की.”

नाडगौडा त्या पत्र्याकडं बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “मग दारच रंगवून टाका. सबंध.”

“रंगवतो. पण एवढी घाई कशापायी?”

...

“सोमवारी मुलीला जतला रुजू व्हायचंय.”

इतका वेळ कडक असलेला आवाज जरा उतरला. मिस्त्रींनी दुसरं स्टूल पुढं सरकवलं. नाडगौडा बसले.

मुलीचं नाव केतकी. जनावरांची डॉक्टर. जतकडच्या वाड्यावस्त्यांवर दिवसभर हिंडायची नोकरी लागली होती. तिकडं एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

“गाडी घेऊन जा म्हटलं. नको म्हणाली.”

“का?”

“मार्चमध्ये लायसन्स मिळालं. पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन गेली आणि परत येताना फाटकाला घासली. मी... बोललो.”

“काय बोललासा?”

नाडगौडांनी शेडच्या पत्र्याकडं पाहिलं.

“म्हटलं, जनावरं सांभाळणार म्हणे! आधी स्वतःचे हात सांभाळ.”

“घरात?”

“फाटकात. शेजारचे उभे होते.”

मिस्त्रींनी स्टूल जरा जवळ ओढलं.

“तिनं किल्ली कट्ट्यावर ठेवली. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. माझ्याशी बोलते, नाही असं नाही. हो, नको, जेवून घ्या... एवढंच. आठ महिने झाले.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणून म्हणतो, हा एक डाग काढा. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल. तो डोळ्यांसमोरून गेला की ती विसरेल.”

“दार रंगवल्यावर पोरीला काय दिसंल?”

“काहीच दिसणार नाही!”

“तेच म्हणतोय. ती रोज तिथंच बघंल.”

नाडगौडांना हे आवडलं नाही. त्यांनी खिशातून कागद काढला. माझ्याच दुकानातली यादी होती ती, माझ्याच अक्षरातली. मागं बघायचा कॅमेरा, चार कोपऱ्यांना चार सेन्सर, मोठी स्क्रीन, दारांच्या कडांना रबर, आणि गाडी कुठं आहे ते घरबसल्या मोबाइलवर दाखवणारं यंत्र.

“हे पाहा. मी नुसता बोलणारा बाप नाही. सगळी सोय करून देणार आहे. पुन्हा कुठं लागायलाच नको.”

मिस्त्रींनी यादी हातभर लांब धरून वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मी मनात म्हणालो, वाचा आणि गप्प बसा.

“हे सगळं पोरीसाठी?”

“तिच्याचसाठी.”

“ह्यात तुमचं डोळं लई हाईत. पोरगी कुठं दिसंना मला.”

“म्हणजे?”

“तिला काय पायजे, इचारलासा?”

“तिला गाडीतलं काय कळतं?”

मिस्त्रींनी यादीची घडी घातली आणि परत दिली. माझ्या दुकानावर नांगर फिरला तो त्या क्षणी. पण नाडगौडांना अजून पत्ता नव्हता.

मिस्त्री उठले. शेडचं शटर त्यांनी अर्ध्यावर ओढलं. आत अंधार झाला. मग हातातला दिवा लावून तो गाडीच्या बॉनेटवर तिरका धरला.

मी हे पुष्कळदा पाहिलंय, तरी दर वेळी दचकतो. मघाशी आरशासारखं दिसणारं ते काळं बॉनेट बारीक रेघांनी भरून गेलं. गोल गोल, एकात एक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. छपरावर त्याच. दारांवर त्याच. कुठं बोट टेकवायलाही कोरी जागा नाही.

नाडगौडा पुढं झाले. चष्मा वर केला, खाली केला.

“हे... हे कुणी केलं?”

“गाडी कोण धुतंय?”

“बाहेर कुठंही देत नाही. दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागू देत नाही. मी स्वतः पुसतो. रोज सकाळी. पाच वर्षांत एक दिवस चुकवला नाही.”

“कशानं?”

“मऊ कापडानं. जुना बनियन.”

“पाणी मारून?”

“पाणी कशाला? धूळ तर असते नुसती. कोरडंच.”

मिस्त्रींनी दिवा हलवला. रेघाही हलल्या.

मिरजेत रस्त्यारस्त्यावर हे चालतं. सकाळी उठायचं आणि धुळीसकट गाडी चोळायची. रेती ती, कुणाच्या मायेनं मऊ होते का? पण पुसणाऱ्याला वाटतं, आपल्याइतकी निगा कुणीच राखत नाही. मीही माझी गाडी अशीच चोळत होतो, मिस्त्रींनी दिवा दाखवेपर्यंत.

“मी...?” नाडगौडा म्हणाले.

...

मिस्त्रींनी दिवा मागच्या डाव्या दारावर आणला.

“पोरीचा हा एक.”

मग तो दिवा छपरावरनं, बॉनेटवरनं, सगळ्या दारांवरनं सावकाश फिरवत राहिले.

नाडगौडा स्टुलावर बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दीतली चूक शोधणारा माणूस, आणि त्याला आता बघायला जागा उरली नव्हती. मला त्यांची दया आली. यादी गेली ती गेली, पण दया खरीच आली.

मग त्यांनी विचारलं, “हे निघतील?”

“निघतील. नख अडकत न्हाई.”

“किती घ्याल?”

“आठ हजार. तीन दिवस.”

“गाडी धुवायला आठ हजार?”

“धुवायचं तीनशेच. बाकीचं बघायचं.”

नाडगौडा पहिल्यांदाच हसले. हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच विरलं.

“पण मिस्त्री, माझे सगळे गेले, तर तिचा तो एकटाच उठून दिसेल की.”

“दिसंलच.”

“मग?”

मिस्त्रींनी शटर वर केलं. ऊन आत आलं.

“पोरीची उंची किती?” त्यांनी विचारलं.

“केतकीची? पाच फूट. आईवर गेलीय.”

“माझ्याएवढी. बसा गाडीत.”

“मी?”

“बसा की. तुमच्याच मापावर.”

नाडगौडा चाकामागं बसले. सीट रेघेवर, पाय बरोबर, पाठ टेकलेली. मिस्त्री दारातनं आत वाकले आणि त्यांनी नाडगौडांच्या डोक्यावर हात ठेवला. वयानं मोठा माणूस आशीर्वाद देताना ठेवतो तसा.

मग त्यांनी तो हात खाली दाबला.

“अजून खाली. अजून. आता कडंवर सरका, पुढं. पाठ सोडा. हां. उशी घेतल्यावर पोरगी इथं येती.”

नाडगौडा अवघडून बसले होते, मान आखडलेली, गुडघे चाकाला लागलेले.

“आता डाव्या आरशात बघा.”

नाडगौडांनी पाहिलं.

“काय दिसतंय?”

...

“पत्रा,” नाडगौडा म्हणाले. “शेडचा पत्रा. वरचा.”

“आपलं मागलं दार?”

“नाही.”

“माझी भिंत? हातभर हाय बघा.”

मिस्त्रींनी हात काढून घेतला, तरी नाडगौडा तसेच वाकून बसून राहिले. आरशाकडंच बघत होते.

मी बाहेर गेलो. कुणाच्या चेहऱ्याकडं बघू नये अशा काही वेळा असतात, आणि ती त्यातली होती.

नाडगौडा शेडमधून निघाले तेव्हा दुपार झाली होती. किल्ली मिस्त्रींकडं ठेवली. माझ्या दुकानापाशी थांबले, यादी काउंटरवर ठेवली.

“जिनगोंडा, हे राहू द्या.”

“सगळंच?” मी विचारलं. कॅमेरा तरी ठेवा, असं तोंडावर आलं होतं. बोललो नाही.

“सगळंच,” ते म्हणाले आणि चालत गेले.

तीन दिवस मिस्त्री त्या गाडीत गुंतले. आधी पाण्यानं धूळ सोडवली. मग मातीच्या मऊ गोळ्यानं रंगात रुतलेली घाण उचलली. मग मशीन, मग हात. शेवटचा हात ते मशीनला देत नाहीत. आतनं गालिचे काढून धुतले, सीटच्या फटी ब्रशनं साफ केल्या. दारावरच्या त्या ओरखड्याला मात्र मशीन लावलं नाही. नुसतं पुसून स्वच्छ केलं आणि गंज धरू नये म्हणून वरनं बिनरंगी लॅकरचा पातळ हात दिला.

रविवारी सकाळी नाडगौडा आले. बरोबर केतकी. बुटकी, बारीक, खांद्याला पिशवी. ती बापाच्या चार पावलं मागं चालत होती.

गाडी उन्हात उभी होती. मी गाड्या खूप पाहिल्यात, पण त्या दिवशीची ती काळी गाडी बघून जीव हरखला. सगळं आभाळ तिच्यात उतरलं होतं. आणि डाव्या दारावर तो ओरखडा, झळझळीत, एकटा.

केतकीनं तो पाहिला. पाऊल जागीच थांबलं.

नाडगौडांनी घसा साफ केला. पुढं काय बोलायचं ते घरून ठरवून आले असावेत, पण जमेना.

“तो तसाच ठेवायला सांगितलाय मी,” ते शेवटी म्हणाले. “केतकी, त्या दिवशी तुला फाटक दिसलंच नसेल. आरशात.”

केतकी खाली बघत होती.

“टाकी दिसत होती,” ती म्हणाली. “जोशांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.”

“मग सांगायचं होतंस!”

“सांगितलं होतं. निघायच्या आधी. तुम्ही म्हणालात, आरशाला हात लावू नकोस.”

...

रस्त्यावरनं एक ट्रॅक्टर गेला.

“म्हणालो होतो,” नाडगौडा म्हणाले. “चूक माझी होती. आणि वर तुलाच बोललो, चार लोकांत.”

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. मी होतो, मिस्त्री होते, पलीकडं पंक्चरवाला होता. तिघं का होईना, पण लोक होते. बहुतेक तेवढ्यासाठीच ते इथं बोलले, घरी नाही.

केतकीचे डोळे भरून आले. तिनं पिशवी उगीचच एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“तुला गाडीत काय पाहिजे?” नाडगौडांनी विचारलं. “हा जिनगोंडा लावून देईल.”

ती जरा वेळ गाडीकडं बघत राहिली.

“रबराचे गालिचे,” ती म्हणाली. “नळाखाली धरून धुता येतील असे. बूट शेणानं भरलेले असतात, बाबा. रोजच.”

शेण! त्या गाडीत! मी नाडगौडांकडं पाहिलं. त्यांनी आवंढा गिळला. चांगला मोठा आवंढा होता, पण गिळला.

“आणि डिक्कीत औषधांची पेटी हलू नये म्हणून दोन पट्टे.”

“लावा,” नाडगौडा मला म्हणाले.

मी गालिचे घातले, पट्टे आवळले. सगळ्या यादीच्या बदल्यात एवढंच हाताला लागलं. पण इतक्या आनंदानं मी कधी काही विकलं नसेल.

मिस्त्रींनी किल्ली नाडगौडांच्या हातावर ठेवली. नाडगौडांनी ती तशीच पुढं केली. केतकीनं लगेच घेतली नाही. मग घेतली.

ती चाकामागं बसली. सवयीनं कडेवरच सरकली. मागच्या सीटवर उशी होती, तिनं हात लांब करून ती ओढलीही.

“उशी राहू दे,” नाडगौडा म्हणाले. “सीट पुढं घे.”

केतकीनं बापाकडं पाहिलं. मग सावकाश खाली वाकली, दांडी ओढली. सीट कटकट करत पुढं आली. तिचे पाय पोचले. तिनं पाठ टेकली. डावा आरसा खाली वळवला, अजून थोडा, आणि बघता बघता तिच्या कपाळावरची आठी सुटली.

मग एकदम ती थबकली. सीटच्या कडेला वाकून बघू लागली.

“बाबा... तुमची रेघ?”

नाडगौडा झटकन गुडघ्यावर बसले. चष्मा सावरून सीटखाली पाहिलं. बोटानं चाचपलं. पुढं, मागं. रेघ कुठंच नव्हती. रूळ नुसता स्वच्छ, नव्यासारखा.

चार दिवसांत हा माणूस बराच बदलला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी क्षणभर त्यांचा चेहरा त्या पहिल्या दिवसासारखा झाला.

“मिस्त्री!” ते खालूनच ओरडले. “माझं माप होतं ते! कुठं गेलं?”

बाबालाल मिस्त्री स्टुलावर बसून फडकं पाण्यात बुडवत होते. त्यांनी ते पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

“एक डाग काढा म्हणला हुतासा न्हवं, साहेब... काढला.”